समईवर पडले ते कोण?

राजारामपुरी, सातवी गल्ली,
कोल्हापूर
२९ डिसेंबर २०२५

आदरणीय इंगळे सर,
सविनय नमस्कार.

मी साक्षी अण्णासो कांबळे. दहावी २०१८, खिडकीकडचा पहिला बाक. आपल्या मातोश्री तानाबाई विद्यामंदिराचे शिपाई अण्णासो यांची मुलगी. उशिरा येणाऱ्या मुलांना तुम्ही म्हणायचात, "घंटा देणाऱ्याची पोरगी घंटेआधी येते, तुम्हाला काय धाड भरली?" ती मीच.

तुम्हाला सहा वेळा फोन केला. सहाही वेळा तुम्ही मीटिंगमध्ये होता. सहाव्या वेळी मागे प्रार्थना ऐकू येत होती, म्हणून मीटिंग कुणाबरोबर चाललीय ते समजलं आणि फोन ठेवला. पत्राला मीटिंगमध्ये आहे असं सांगता येत नाही, म्हणून पत्र.

आधी माझी खुशाली. बी.ए. झाल्यापासून इथल्या एका क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवते. आमचे क्लासवाले विजयसिंह सर घरमालकांना म्हणाले की त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे पाटी मोठी लावू. पाटी लागली आहे, 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'. मी मात्र फाडफाडच्या आधी तुम्ही शिकवलेलं इंग्रजी सर्वनाम 'ही' शिकवते. "प्रत्येक 'ही'च्या मागे एक माणूस उभा असतो. तो कोण हे वाचणाऱ्याला कळलं नाही, तर चूक लिहिणाऱ्याची." हे वाक्य मी फळ्यावर तुमच्या नावासकट लिहिते.

आता मुद्दा. वीस तारखेच्या स्नेहसंमेलनात चेअरमन अमरसिंहदादा दीपप्रज्वलनाला आले. गाडीतून उतरले तेव्हाच त्यांचे पाय दोन वेगवेगळ्या दिशांना जात होते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हाताला धरून त्यांना पायऱ्या चढवल्या. वर गेल्यावर समई पेटवली आणि ते तिच्यावरच पडले. मागचा पडदा पेटला. आप्पांनी तो हातांनी विझवला, उजवा तळवा भाजला. हे चारशे माणसांनी पाहिलं. चित्रण एकाकडेही नाही, कारण 'कार्यक्रमात मोबाईल नको' या तुमच्या सूचनेप्रमाणे सगळ्यांचे मोबाईल आप्पांनीच फाटकावर टोपलीत गोळा केले होते.

पडद्यावर पुण्याच्या कंपनीचं नाव होतं. ती कंपनी शाळेला संगणक देणार आहे. आपलं नाव कसं जळालं याचा अहवाल तिनं इंग्रजीत मागवला आणि तुम्ही तो लिहिलात. त्यातली दोन वाक्यं आप्पांच्या निलंबनाच्या कागदावर छापून आली आहेत:

'द चेअरमन केम टू द स्टेज विथ द प्यून. ही वॉज ड्रंक अँड फेल ऑन द लॅम्प.'

म्हणजे चेअरमन शिपायाबरोबर स्टेजवर आले. 'ही' प्यालेला होता आणि समईवर पडला.

सर, हा 'ही' कोण? कंपनीनं तो शिपाई धरला. संस्थेनंही. माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात दारूचा थेंब आलेला नाही. आप्पा जूनमध्ये निवृत्त होतायत. बत्तीस वर्षं घंटा दिलेला माणूस 'दारुडा' म्हणून फाटकाबाहेर पडेल.

मला इंग्रजी का आवडली माहीत आहे? मराठीत चेअरमन 'ते' आणि माझे वडील 'तो'. इंग्रजीत दोघंही 'ही'. आठवीत तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मला वाटलं होतं, ही भाषा आपल्या बाजूची आहे.

कृपया दुसऱ्या वाक्यातलं 'ही' काढून तिथं नाव घाला. एका शब्दाचं काम आहे.

आपली विद्यार्थिनी,
साक्षी

ता.क. रजिस्टर करायला गेले होते. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, ते बंद झालं, आता सगळं स्पीड पोस्टनंच.


मातोश्री तानाबाई विद्यामंदिर
५ जानेवारी २०२६

चि. साक्षीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र स्पीड पोस्टनं आलं, मी सावकाश वाचलं. अक्षर अजून वळणदार आहे. तपासून सोबत परत पाठवतो आहे. दहापैकी साडेसात.

लाल शाईनं गोल केलेलं वाक्य पाहा. 'विजयसिंह सर घरमालकांना म्हणाले की त्यांना इंग्रजी येत नाही.' कोणाला? क्लासवाल्यांना की घरमालकांना? सर्वनाम शिकवणारीनंच असं लिहावं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आता तुझी शंका. व्याकरण म्हणून ती चांगली आहे आणि मी व्याकरण म्हणूनच उत्तर देतो. सर्वनाम सर्वसाधारणपणे जवळच्या नामाला चिकटतं. 'ही'च्या जवळचं नाम 'प्यून' आहे. मी तसं ठरवलं नव्हतं, ते तसं लिहिलं गेलं. अहवाल तातडीनं हवा होता, चेअरमन साहेब समोर बसून होते, त्यांच्या कपाळाला पट्टी होती. त्यांना वाक्य वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झकास. ह्याच्यात खोटं काय न्हाय की." खोटं खरंच काही नाही, साक्षी. कोण प्यालेला होता हे मी लिहिलेलंच नाही.

व्याकरणात येतं ते जवळ उभं असणाऱ्यावर येतं. इतरत्रही तसंच आहे, हे वयानुसार तुला कळेल.

अण्णासोचं मला वाईट वाटतं. तो भला माणूस आहे. चौकशी समिती नेमली आहे. चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून अध्यक्षपद स्वतः चेअरमन साहेबांनी स्वीकारलं आहे. दुसऱ्या सदस्य राजनंदिनीवहिनी, म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती. सचिव मी.

हे पत्र व्हॉट्सअपवर फिरवू नकोस.

तुझा शुभचिंतक,
वि. ज्ञा. इंगळे
मुख्याध्यापक


१० जानेवारी २०२६

चि. साक्षीस,
आप्पाचा जय भीम.

फोनवर तू मधीच बोलतीस, म्हणून लिवतोय. पत्रात मला पुरतं बोलाय मिळतंय. हात बरा हाय. नवं कातडं आलंय, गुलाबी, लेकराच्या हातावानी.

रोज साडेधाला शाळंत जाऊन सही करायची आन् फाटकाभायेर बाकड्यावर बसायचं, असा हुकूम हाय. आत पाय टाकायचा न्हाय. घंटा सर सोता देत्यात. त्यास्नी जमत न्हाय. परवा तासाची घंटा दिली आन् पोरं शाळा सुटली म्हणून दप्तरं घिऊन भायेर. मी बाकड्यावरनंच वरडलो, "परत फिरा रं, दुसरा तास हाय!" पोरं ऐकली. सरांनी खिडकीतनं बघितलं आन् खिडकी लावून घेतली.

नोटीस तुज्या आव्वाला वाचून दावली. त्यात तो इंग्रजी 'ही' मराठी अक्षरात छापलाय. आव्वा म्हणाली, "ही दारू प्याली हुती? ही कोण बया? चेअरमनच्या गाडीत बाई हुती व्हय?" मी म्हणालो, "न्हाय गं, इंग्रजीत ही म्हंजी बाप्या." ती म्हणाली, "मग इंग्रजीत बाईला काय म्हणत्यात?" म्हणालो, "शी." तर म्हणाली, "शी! असली कसली भाषा शिकीवती आमची पोरगी!"

गल्लीत मातर चार घरात आव्वाचं सांगणं पोचलंय, की अहवालात कोण बाई हाय.

तू सरांस्नी वाकडं लिवू नको. तुजी फी दोन येळा त्यांनी पदरमोड करून भरल्या. पर एक सांगतो. नोकरी गेली तर जाऊंदे, सा म्हैनंच ऱ्हायल्यात. पर दारू प्यालता म्हणून गेली, असं नगं. तुज्या आज्ज्यानं हात वर करून शपथ घेतल्या.

तुजा,
आप्पा


राजारामपुरी, कोल्हापूर
१४ जानेवारी २०२६

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

लाल गोल मान्य. खुलासा असा: क्लासवाल्यांना आणि घरमालकांना, दोघांनाही इंग्रजी येत नाही. त्यामुळे माझं वाक्य मोघम असलं तरी त्यानं कुणावर अन्याय होत नाही. तुमच्या वाक्यानं होतो. अडीच गुणांचा फरक तिथं आहे.

जवळच्या नामाचा नियम तुम्ही आम्हाला कधी दिला नव्हता. नववीची वही अजून माझ्याकडे आहे. त्यात तुमच्याच शब्दांत आहे: "वाक्यात दोन पुरुष असतील तर 'ही' वापरताना थांबा. शंका असेल तर नाव पुन्हा लिहा. नाव पुन्हा लिहिल्यानं वाक्य बोजड होतं, पण कुणाचा जीव जात नाही." शेवटच्या वाक्याला तेव्हा वर्ग हसला होता.

परवा वर्गात मी तुमचं वाक्य, नावं न सांगता, फळ्यावर लिहिलं. गॅरेजवाला, नर्सिंगच्या दोन मुली, एक निवृत्त पोस्टमन, सगळ्यांना विचारलं, कोण प्यालं होतं? इंग्रजीत कुणालाच ठरवता आलं नाही. मग म्हटलं, मराठी करा. तर गॅरेजवाला लगेच म्हणाला, "मॅडम, आता कसं लपणार? चेअरमन असंल तर 'ते प्याले होते', शिपाई असंल तर 'तो प्याला होता'."

सर, मी रात्रभर नाही, पण दोन तास बसमध्ये तेवढाच विचार केला. तुम्ही अहवाल मराठीत का दिला नाहीत? कंपनीला इंग्रजी हवं होतं हे खरं. पण संस्थेला, समितीला, आप्पांना? मराठीत लिहिलं असतं तर पहिल्याच क्रियापदाला साहेब उघडे पडले असते. इंग्रजीत आडोसा मिळाला. आणि मी वेडी, त्या भाषेला समतेची भाषा म्हणत होते. तिच्या समतेत माझे वडील साहेबांच्या जागी जाऊन बसले, तेही नेमके साहेब पडले तेव्हा.

म्हणून अर्ज करते: ज्याच्यावर आरोप आहे त्याला समजेल अशा भाषेत कागद मिळाला पाहिजे. आप्पांना इंग्रजी येत नाही. अहवालाचं मराठी भाषांतर द्यावं. भाषांतर तुम्हीच करावं, कारण मूळ लेखक तुम्ही आहात आणि जिल्ह्यात तुमच्यापेक्षा चांगला भाषांतरकार मला माहीत नाही.

अर्जाची प्रत पुण्याच्या कंपनीलाही पाठवली आहे. व्हॉट्सअपवर फिरवलेली नाही.

आपली,
साक्षी


मातोश्री तानाबाई विद्यामंदिर
२ फेब्रुवारी २०२६

चि. साक्षीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. प्रजासत्ताक दिन होता, मग तपासणी होती, मग मला थोडा ताप होता. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिन्ही नसत्या तरी उशीर झालाच असता.

कंपनीनं तुझा अर्ज वाचला आणि साहेबांना विचारलं, भाषांतर कुठं आहे? साहेबांनी मला विचारलं. "इंगळे सर, एक पान करायला तुमाला म्हैना लागतोय? आमची बैलगाडी बरी की मग!" मी तुला खरं सांगतो, त्या एका पानासाठी मी अकरा कागद फाडले. पहिल्या ओळीला अडचण नाही. दुसऱ्या ओळीच्या पहिल्याच अक्षराला हात थांबतो. 'तो' लिहिलं तर खोटं. 'ते' लिहिलं तर खरं.

माझी अनुजा तुला आठवत असेल. तुझ्यापुढं दोन वर्षं होती. ती याच संस्थेच्या प्राथमिक विभागात शिकवते, तात्पुरती. दर एप्रिलला तिची ऑर्डर संपते, दर जूनला साहेब सही करतात. तीन वर्षं झाली. घरी जेवताना ती विचारते, "बाबा, यंदा कायम होईन का?" मी म्हणतो, बघू. हे निमित्त म्हणून सांगत नाही. आहे तसं सांगतो.

शेवटी एक वाट सापडली. भाषांतर अण्णासोकडे दिलं आहे, एक प्रत सोबत जोडतो:

'मा. चेअरमन साहेब हे श्री. अण्णासो कांबळे यांच्यासह व्यासपीठावर आले. ते मद्यप्राशन केलेले होते व समईवर पडले.'

व्याकरणदृष्ट्या यात चूक काढून दाखव.

वि. ज्ञा. इंगळे


४ फेब्रुवारी २०२६

चि. साक्षीस,
आप्पाचा जय भीम.

तुला फोटो पाठवला व्हता मोबाईलवर, पर लिवल्याशिवाय चैन पडंना. कागद बघितलास न्हवं? 'श्री. अण्णासो कांबळे यांच्यासह.' यांच्यासह! आन् फुडं 'ते'. सरांनी मला 'ते' लिवलंय, सरकारी कागदावर, शिक्का मारून. बत्तीस वर्सात माज्यावर लिवलेले सगळे कागद माज्या ट्रंकंत हायती. 'सदर शिपायाने.' 'तो गैरहजर होता.' 'त्यास समज देण्यात आली.' ह्यो पयला कागद.

कुरुंदवाडात जाऊन पाच झेराक्स काढल्या. एक तुज्या मामाला, एक विहारात.

आव्वा म्हणाली, "खुळं झालंय काय हे? कागदात दारू प्यालं म्हणून लिवलंय आन् हे पेढं वाटाय निघालंय!" मी म्हणालो, "दारूचं सोड, 'ते' बघ." तर म्हणाली, "मी तीस वर्सं झाली तुमास्नी ते म्हणतोय, आमचे ते आलं, आमचे ते गेलं. त्याची झेराक्स काढाय कधी गेला न्हाईसा!"

चौकशी १४ तारकंला हाय.

आप्पा


राजारामपुरी, कोल्हापूर
७ फेब्रुवारी २०२६

सर,

चूक काढून दाखव म्हणालात. दाखवते.

इतकी वर्षं माझ्या वडिलांना मान द्यायला तुमच्याकडे शाई नव्हती. आज ती निघाली, कारण साहेबांचं तोंड झाकायला 'ते' कमी पडत होतं. तुम्ही माझ्या वडिलांना वर उचललं नाही. साहेबांसमोर पडदा म्हणून उभं केलंत. स्टेजवरचा खरा पडदाही त्यांनीच विझवला होता.

शिवाय तुमचं भाषांतर मूळ अहवालाहून वाईट आहे. इंग्रजीत निदान एकजण शुद्धीवर होता. मराठीत 'ते' अनेकवचनीही होतं. आता दोघंही प्यालेले असू शकतात.

आणि आप्पांनी त्या कागदाच्या पाच प्रती काढल्या आहेत. त्यांना वाटतं, तुम्ही त्यांचा मान राखला. मी फोनवर खरं सांगायला गेले आणि सांगू शकले नाही. म्हणजे मीही आता तुमच्यासारखीच, खोटं न बोलता गप्प.

फळ्यावरच्या वाक्याखालून तुमचं नाव पुसलं आहे. वाक्य ठेवलं आहे.

साक्षी


मातोश्री तानाबाई विद्यामंदिर
१६ फेब्रुवारी २०२६

चि. साक्षीस,

आशीर्वाद देण्याचा अधिकार राहिला आहे की नाही ठाऊक नाही. सवयीनं देतो.

चौकशीची हकिगत अण्णासो सांगेलच, पण तो स्वतःचं कौतुक टाळेल आणि माझं करेल. म्हणून मी लिहितो. सविस्तर लिहितो, कारण इतिवृत्तात हे येणार नाही.

शनिवारी दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत समिती बसली. मध्ये साहेब, शेजारी राजनंदिनीवहिनी, कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला क्लार्क. अण्णासो दारात उभा. बाहेरच्या खिडकीला निम्मं गाव, कारण अहवालात कोण बाई आहे अशी हवा होती.

साहेब म्हणाले, "वाचा सर, मराठीतलं वाचा. आपल्याला काय लपवायचं न्हाय." मी वाचलं. "...ते मद्यप्राशन केलेले होते व समईवर पडले."

वहिनी मोबाईलमध्ये बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आता हे कागदावर लिवायची काय गरज हुती, सर? मी काय कमी बोललो काय त्यास्नी त्या दिवशी? गाडीतच म्हणलो, समई पेटवायचं ऱ्हाऊंदे, सरळ घरला चला. ऐकतील तर ते कसले!"

क्लार्कला ऐकेल ते लिहायची सवय. तो लिहीत राहिला.

साहेब गोरेमोरे. "अगं, तुला कोण इचारलंय? 'ते' म्हंजी ह्यो अण्ण्या!"

वहिनींनी तेव्हा मोबाईल खाली ठेवला. "अण्ण्या?" म्हणाल्या. "अण्ण्या कवापास्नं 'ते' झाला? तुमी म्हणला काय त्याला कधी ते? मी म्हणलो काय? ह्या शाळंत कुणी म्हणलंय काय?" आणि मग अण्णासोकडे बघून, जरा खालच्या आवाजात, "खरं हाय की न्हाय रं अण्ण्या?"

अण्णासो म्हणाला, "व्हय वैनीसाहेब. कुणी न्हाय."

साक्षी, तू सर्वनाम शिकवतेस, मी ते अठ्ठावीस वर्षं शिकवलं. एका गोष्टीचा दोघांनाही विसर पडला. आपल्याकडच्या बाईच्या तोंडात 'ते' या शब्दाच्या मागे एकच माणूस उभा असतो. तिथं जवळचं नाम, लांबचं नाम काही चालत नाही. नाव घेत नाही म्हणूनच चूक होत नाही.

साहेब माझ्याकडे वळले. "भाषांतर चुकलंय. सर, सांगा, चुकलंय." मला वाट मोकळी होती. चुकलं म्हटलं की संपलं. मला अनुजाचं ताट दिसत होतं. खिडकीत पोरं दिसत होती, त्यांना मी घंटा चुकवणारा म्हणून माहीत आहे. मी म्हणालो, "साहेब, शिपाई असता तर मी 'तो' लिहिलं असतं. अठ्ठावीस वर्षं त्याच्याबद्दल तसंच लिहितोय. हवं तर दप्तर काढून बघा."

हे शूरपणाचं वाक्य नव्हे. नीट ऐकलंस तर ती माझ्याविरुद्धचीच तक्रार आहे. पण साहेबांनी दप्तर मागवलं नाही.

तू विचारशील, 'ते' लिहिताना असं होईल हे मला माहीत होतं का? नव्हतं. मी भ्यालो होतो म्हणून लिहिलं. अडाण्यानं टाकलेला दगड योग्य ठिकाणी पडला, एवढंच.

निर्णय एका ओळीत झाला: 'ते यांना समज देऊन प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. निलंबन मागे.' क्लार्कनं भाबडेपणानं विचारलं, "'ते यांना' म्हंजी नेमकी कुणाला समज द्यायची?" वहिनी उठताना म्हणाल्या, "तू लिव की बाबा. द्यायची तिथं मी देतो, घरात."

कंपनीला दुरुस्त अहवाल काल गेला. दुसऱ्या वाक्यात 'ही' नाही. 'द चेअरमन' असं पुन्हा लिहिलं आहे. वाक्य जरा बोजड झालं आहे. जूनमध्ये अनुजाच्या कागदावर सही होते की नाही, बघू.

आज अण्णासोनं पहिली घंटा दिली आणि दुसऱ्या तासाला माझ्यासाठी चहा आणला. तो अगदी पूर्वीसारखाच आहे, काही बदललेला नाही.

फळ्यावर माझं नाव पुन्हा लिहू नकोस. वाक्य राहू दे.

वि. ज्ञा. इंगळे


राजारामपुरी, कोल्हापूर
१९ फेब्रुवारी २०२६

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वर्गात वाचून दाखवलं, नावं गाळून. वहिनींच्या वाक्याला गॅरेजवाल्यानं बाक वाजवला. नर्सिंगची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण त्या बाईंनी शेवटपर्यंत अण्ण्याच म्हटलं." मग मी तास संपवला.

अनुजाताईंचं कळवा. जूनमध्ये सही झाली नाही तर मला लगेच लिहा. अर्ज लिहायचा सराव झाला आहे.

तुमचं पत्र तपासून सोबत परत पाठवते आहे. दहापैकी नऊ. एकच लाल गोल केला आहे, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात: '...माझ्यासाठी चहा आणला. तो अगदी पूर्वीसारखाच आहे.'

सर, हा 'तो' कोण? चहा असेल तर वाक्य बरोबर आहे आणि तुमचा कापलेला गुण परत देते. माझे वडील असतील तर दुरुस्ती करून पाठवावी.

आपली विद्यार्थिनी,
साक्षी


२६ फेब्रुवारी २०२६

चि. साक्षीस,
आप्पाचा जय भीम.

सरांनी हे पाकीट तुज्यासाठी दिलंय, त्यात तूच पाठवलेला कागद हाय म्हणं. लाल गोलावर त्यांनी काय लिवलंय ते मी वाचलं न्हाय, दुसऱ्याचं पत्र वाचू न्हाई. पर कागद पातळ हाय, उजेडाला धरला तर दिसतंय. 'चहा तो. अण्णासो ते.' एवढंच हाय. ह्यात लिवण्यासारखं काय हुतं ते काय मला कळलं न्हाय. चहाची पावडर बदलल्या म्हणून असंल.

घंटा परत यवस्थित चाललीया. निरोप समारंभ जूनच्या पयल्या आठवड्यात करूया म्हणत्यात. चेअरमन येणार न्हाईत, वैनीसाहेब येणार हायत.

आन् एक झालं. काल दुपारी कपाट पुसत हुतो, तर सरांनी हाक मारली, "अहो अण्णासो, जरा इकडं येता का?"

मी मागं वळून बघितलं, दुसरं कोण आलंय काय म्हणून. कोणबी नव्हतं.

तुजा,
आप्पा